गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

पिंपळगाव राजाहून कापसाच्या बैलगाड्या खामगावच्या बाजारास जात, तेव्हा गाडीस बांधलेला वंगणाचा नळाही बाजार पाहून येई. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण तेथे कोणास समजावून सांगावी लागत नसे. साम्यवादी पोलंडातील संयुक्त शेतकरी पक्षाचा इतिहास वाचताना आम्हांस तीच म्हण आठवते.

महायुद्धानंतर त्या देशात मिकोलायचिक यांचा स्वतंत्र शेतकरी पक्ष प्रबळ होता. १९४७ ची निवडणूक साम्यवाद्यांनी दंडेलीने व लबाडीने जिंकली. मिकोलायचिक परदेशी निसटले. १९४९ मध्ये उरल्यासुरल्या मंडळींस साम्यवाद्यांच्या अनुयायी गटाशी जोडून हा नवा पक्ष उभा करण्यात आला. त्यास मंत्रिपदे लाभली, विधिमंडळाचे अध्यक्षपदही लाभले. स्वतःचे मत तेवढे लाभले नाही.

अशी चाळीस वर्षे लोटली. १९८९ च्या जूनमधील निवडणुकीत ४६० जागांपैकी साम्यवाद्यांस १७३, शेतकरी पक्षास ७६, दुसऱ्या सोबती लोकशाही पक्षास २७ आणि विरोधी सॉलिडॅरिटीस १६१ जागा मिळाल्या. ऑगस्टात दोन्ही सोबती सॉलिडॅरिटीस मिळाले. बेरीज २६४ झाली, आणि २४ ऑगस्ट रोजी माझोविएत्स्की पंतप्रधान झाले.

यास आम्ही शौर्य म्हणत नाही. वारा फिरल्यावर शीड फिरविणे सोपे असते. परंतु मत मोजण्याची रीत नावापुरती तरी उरली होती, म्हणून ते फिरविता आले. पोकळ संस्थाही मोडून टाकण्यापूर्वी विचार करावा, तो याचसाठी.