देशोदेशीचे ग्रंथपाल : प्रस्तावना

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय बहुधा शेवटी येतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरकला जातो. संस्थांची नावं, स्थापनेची सालं, अधिवेशनांची गावं पाठ झाली की सुटलो! या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला एक विनंती : ही यादी तूर्त बाजूला ठेवावी. दूरदूरच्या ग्रंथपालांना एकमेकांची गरज का पडते, तिथून सुरुवात करावी.

आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण बडोद्याचं. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये तिथल्या विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना संस्थानात बोलावून घेतलं. बॉर्डन जेमतेम तीन वर्षं राहिले. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांसाठी वर्ग निघाले, ड्युई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यापुरती वर्गीकरणपद्धती बेतली गेली. पुढे फिरत्या पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जाऊ लागली. मला मात्र या सगळ्याहून मोलाचं वाटतं ते १९१२ मध्ये निघालेलं ‘लायब्ररी मिसेलनी’. या नियतकालिकात इंग्रजीबरोबर मराठी आणि गुजराती मजकूरही असे. बाहेरून आलेला जाणकार परत जाणारच; त्याने शिकवलेलं इथल्या माणसांना आपल्या भाषेत घोळवता आलं की नाही, यावर त्या भेटीचं मोल ठरतं.

आज ‘इफ्ला’ म्हणून ओळखला जाणारा ग्रंथालयसंघांचा जागतिक महासंघ १९२७ मध्ये एडिंबरोला जन्मला. निमित्त होतं ब्रिटिश ग्रंथालय संघाच्या पन्नाशीचं. इफ्लाचं अधिवेशन १९९२ मध्ये दिल्लीतही भरलं होतं. अधिवेशनांतली भाषणं विसरली जातात, चहाच्या वेळी झालेल्या ओळखी टिकतात, हा सर्वांचाच अनुभव. पण १९६१ च्या पॅरिस परिषदेचं तसं नाही. ग्रंथाची नोंद कोणत्या नावाखाली करायची, यावर ५३ देशांच्या प्रतिनिधींनी तिथे खल केला. विषय रुक्ष खरा, पण आज आपल्याला परक्या देशाची तालिका वाचता येते ती अशाच रुक्ष बैठकांमुळे.

त्याच सुमारास अमेरिकेने भारताला गहू विकला होता आणि त्याचे रुपये इथेच साचले होते. पी.एल. ४८० या कायद्याखाली त्यांतला काही भाग पुस्तकखरेदीकडे वळला. १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय सुरू झालं आणि मराठी पुस्तकंही अमेरिकी विद्यापीठांत जाऊन पोहोचू लागली. शिकागोला तो संग्रह सांभाळायला मॉरीन पॅटरसन होत्या. महाराष्ट्रातल्या चित्पावन घराण्यांचा त्यांचा स्वतःचा अभ्यास होता. अशी व्यक्ती पलीकडे असणं हा योग, व्यवस्था नव्हे. ‘नक्षत्रांचे देणे’ आरती प्रभूंच्या नावावर आणि ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांच्या, माणूस एकच, हे तिकडच्या तालिकाकाराला कुणीतरी जाणत्याने सांगावं लागतं. नाहीतर शोधणाऱ्याच्या हाती अर्धाच लेखक लागतो.

या देवघेवीत देणारा आणि घेणारा क्वचितच समान असतात. काय गोळा करायचं हे बहुधा पैसे असणाऱ्याने ठरवलं. मराठी ग्रंथांच्या नीटस नोंदी शिकागोत सापडाव्यात आणि आपल्या ‘ब’ वर्ग ग्रंथालयात दाखल नोंदवहीवरच भागवावं लागावं, ही विसंगती मला खटकते. अभ्यासकाने ती सौजन्यापोटी झाकू नये.

तरी पैशाची अडचण ओळखून काढलेल्या वाटाही आहेत. दुसऱ्या देशातून एखादा लेख मागवायचा तर लेखाच्या किमतीपेक्षा बँकेचा आकार जड व्हायचा. इफ्लाने १९९५ मध्ये यावर प्लॅस्टिकचं एक साधं कार्ड काढलं. लेख मागवणाऱ्याने ते पाठवायचं. पुरवणाऱ्याने जपून ठेवून पुढे आपली मागणी आली की तेच वापरायचं. दरवेळी परकीय चलनाचा हिशेब नको.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्याने नोंदींवरचं प्रकरण आधी घ्यावं आणि आपल्याकडच्या टोपणनावाच्या काही लेखकांच्या नोंदी परदेशी तालिकांशी ताडून पाहाव्यात. घोळ आढळला तर पुराव्यासह तिकडे कळवावं. त्यासाठी परदेशी जावं लागत नाही.