अपुरें लेणें आणि चंद्रावरील अवतरण

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्यास जाणारा प्रवासी तेथील चित्रांसाठीं जातो, आणि चोविसाव्या लेण्यापाशीं क्वचितच थांबतो. तें अपुरें राहिलेलें आहे. परंतु लेणीं कोरण्याची रीत ज्यांना समजून घ्यावयाची असते, त्यांचें काम पुऱ्या झालेल्या लेण्यांनीं भागत नाहीं. छतापासून खालीं कसें खोदीत येत, खांबांसाठीं खडक कसा राखून ठेवीत, हें अपुऱ्या लेण्यांतच दिसतें. पूर्ण झालेलें काम आपली रीत झांकतें. अपुरें राहिलेलें ती उघडी करतें. चंद्रावर उतरणाऱ्या यानांच्या रचनेचा इतिहासही हीच गोष्ट सांगतो.

खडकावरील चुकलेला घाव जसा परत घेतां येत नाहीं, तसेंच या अवतरणाचें आहे. चंद्रावर हवा नाहीं, म्हणून हवाई छत्री निरुपयोगी. सेकंदाला सुमारें १.७ किलोमीटर हा वेग केवळ इंजिनांच्या उलट जोरानें मारावा लागतो. संदेश जाऊन उत्तर येण्यास अडीच सेकंद लागतात. तेव्हां अखेरच्या क्षणांतील सर्व निर्णय यानानेंच घ्यावयाचे.

प्रारंभीं तर तेथील जमीन यानाचा भार पेलील कीं नाहीं, हीच शंका होती. चंद्रावर धुळीचे खोल थर असावेत, असें खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनीं १९५५ सालीं सुचविलें होतें. ३ फेब्रुवारी १९६६ रोजीं सोव्हिएट रशियाचें ल्युना ९ सुखरूप उतरलें आणि ती भीति ओसरली. परंतु त्यापूर्वीं, १९६५ या एका वर्षांत, ल्युना ५, ७ व ८ हीं तीन यानें चंद्रावर आदळून नष्ट झालीं होतीं.

आपल्या देशास हा अनुभव ७ सप्टेंबर २०१९ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर आला. चांद्रयान २ मधील विक्रम उतरतां उतरतां आदळलें. पांच इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक पडला. लहान लहान चुका साचत गेल्या. त्या सावरण्यासाठीं हवें तितक्या वेगानें वळण्याची यानास मुभा नव्हती. आणि उतरावयाची जागा अवघी ५०० मीटर लांब व तितकीच रुंद ठरविलेली होती.

यानंतरचा आराखडा म्हणजे या चुकांचें उत्तरच होय. जागा ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद धरली. मधलें पांचवें इंजिन काढलें, इंधन वाढविलें, वेग मोजणारें लेसर यंत्र बसविलें, आणि सेकंदाला ३ मीटर वेगानें टेकले तरी टिकतील इतके पाय बळकट केले. काय साधेल यावरून नव्हे, तर काय बिघडेल यावरून ही रचना केली, असें इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष सोमनाथ यांनीं सांगितलें. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळीं हें नवें यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत अलगद टेकलें. त्याचें नांवही विक्रमच ठेवलें होतें. पडलेल्याचें नांव टाकून देण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

आपल्या घरांतून मात्र मुलाचें चुकलेलें गणित खोडून वही मिटण्याचीच घाई असते. चूक कोठें झाली, हें त्याच वहींत लिहिलेलें असतें, याचें भान राहत नाहीं. पुढें कधीं अजिंठ्यास जाणें झालें, तर मुलांना घेऊन त्या चोविसाव्या लेण्यापाशीं घटकाभर थांबावें.