प्रदूषणविरोधी नागरी चळवळी, जपानमधील

औद्योगिक नगरांतील हवा, पाणी व जमीन यांच्या दूषितीकरणाविरुद्ध जपानमधील रहिवाशांनी मुख्यत्वे १९५५ ते १९७५ या काळात उभारलेल्या संघटित चळवळी. कारखान्यांमुळे जनतेस होणाऱ्या उपद्रवास जपानी भाषेत ‘कोगाई’ (सार्वजनिक अपाय) अशी संज्ञा आहे. प्रदूषणग्रस्तास मिळणारी भरपाई ही कारखानदाराने दाखविलेली दया नसून तो नागरिकाचा हक्क आहे, हे तत्त्व या चळवळींनी प्रस्थापित केले.

पूर्वपीठिका : टोकिओच्या उत्तरेकडील आशिओ येथील तांब्याच्या खाणीतून वाहून येणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे वातारासे नदीकाठची शेती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नापीक झाली. लोकप्रतिनिधी तानाका शोझो (१८४१–१९१३) यांनी १८९१ पासून हा प्रश्न संसदेत मांडला. तेथे न्याय न मिळाल्याने सदस्यत्व सोडून त्यांनी डिसेंबर १९०१ मध्ये थेट सम्राटाकडे अर्ज देण्याचा प्रयत्न केला. मेजी संविधानाप्रमाणे (१८८९) जपानी जनता ही सम्राटाची प्रजा होती व प्रजेचा अखेरचा उपाय विनंती हाच होता. १९४७ मध्ये अंमलात आलेल्या संविधानाने सार्वभौमत्व जनतेकडे दिले आणि आरोग्यपूर्ण किमान जीवनमानाचा हक्कही मान्य केला. तथापि हा हक्क प्रत्यक्षात येण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला.

मिनामाता : क्यूशू बेटावरील मिनामाता या नगरात चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याचे सांडपाणी उपसागरात सोडले जाई. तेथील मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांत मज्जासंस्थेचा एक विलक्षण विकार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. त्याचे मूळ पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगात असल्याचे कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखविले. त्याच वर्षी कंपनीच्या रुग्णालयातील डॉ. होसोकावा हाजिमे यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांतूनही कारखान्याचे सांडपाणी दोषी ठरले. परंतु हे निष्कर्ष कंपनीने दडपून ठेवले. डिसेंबर १९५९ मध्ये रुग्णांशी एक करार करण्यात आला. त्यात मृतासाठी ३ लाख येन ‘सहानुभूतीची रक्कम’ म्हणून देण्यात आले व पुढे कारखाना दोषी ठरला, तरी नवी मागणी करावयाची नाही, अशी अट घालण्यात आली. नगराचा चरितार्थ कारखान्यावरच असल्यामुळे अनेक नगरवासी रुग्णांनाच दोष देत. त्यामुळे पीडितांना कंपनीबरोबरच शेजाऱ्यांच्या रोषासही तोंड द्यावे लागले. पाऱ्याचा विसर्ग १९६८ पर्यंत चालू राहिला.

योक्काइची व मिशिमा-नुमाझू : मिए प्रांतातील योक्काइची येथे १९५५ नंतर खनिज तेल शुद्धीकरण व तज्जन्य रसायने यांचे मोठे संकुल उभारण्यात आले. त्यातून बाहेर पडणाऱ्या सल्फर डाय-ऑक्साइडामुळे लगतच्या वस्त्यांत दमा बळावला. रुग्णांच्या उपचाराचा खर्च १९६५ पासून नगरपालिकेने उचलला.

योक्काइचीचा अनुभव इतर नगरांस उद्‌बोधक ठरला. शिझुओका प्रांतातील मिशिमा, नुमाझू व शिमिझू या परिसरात तशाच संकुलाची योजना १९६३ च्या अखेरीस जाहीर होताच रहिवाशांनी योक्काइचीस भेटी देऊन तेथील स्थिती पाहिली. ठिकठिकाणी अभ्याससभा भरविण्यात आल्या. मे महिन्यात घरोघरी उभारल्या जाणाऱ्या माशाच्या आकाराच्या कापडी पताकांवरून शिक्षक व विद्यार्थी यांनी वाऱ्याच्या दिशांच्या नोंदी केल्या आणि त्यांच्या आधारे सरकारी तज्ञांच्या अहवालास आव्हान दिले. वाढत्या विरोधामुळे १९६४ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. किताक्यूशू नगरातील तोबाता येथे तर ज्यांचे पती कारखान्यांत नोकरीस होते, अशा महिलांनीही संघटितपणे धूळ व काजळी यांचे मोजमाप करून कारखाने व नगरपालिका यांना जाब विचारला.

न्यायालयीन लढे व कायदे : १९६७ ते १९६९ या काळात चार मोठे दावे दाखल झाले : नीइगाता येथील पाऱ्याची विषबाधा, योक्काइचीचा दमा, तोयामा प्रांतातील कॅडमियमजन्य ‘इताई-इताई’ हा रोग आणि मिनामाता. १९७१ ते १९७३ दरम्यान चारही दाव्यांचे निकाल पीडितांच्या बाजूने लागले. योक्काइचीच्या निकालात (१९७२) सहा कंपन्यांना संयुक्तपणे जबाबदार धरण्यात आले. प्रत्येकीच्या धुराचा वाटा स्वतंत्रपणे सिद्ध करण्याचे ओझे रुग्णांवर टाकण्यात आले नाही. मिनामाताच्या निकालात (१९७३) १९५९ चा करार नीतिविरुद्ध, म्हणून रद्दबातल ठरविण्यात आला. त्यानंतरच्या समझोत्यानुसार रुग्णांना १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख येन भरपाई मान्य झाली.

स्थानिक सत्तेतही या चळवळींचे पडसाद उमटले. योकोहामा नगरपालिकेने १९६४ मध्ये उद्योगांशी प्रदूषणनियंत्रणाचे करार करण्याची पद्धत सुरू केली, तर टोकिओने १९६९ मध्ये राष्ट्रीय कायद्याहून कडक नियम केले. १९६७ च्या मूलभूत कायद्यात पर्यावरणाचे रक्षण आर्थिक विकासाशी मेळ राखून करावे, असे कलम होते. १९७० च्या संसदीय अधिवेशनात ते वगळण्यात आले व प्रदूषणविषयक एकूण १४ कायदे संमत झाले. १९७१ मध्ये पर्यावरण संस्था स्थापन झाली. १९७३ च्या कायद्याने प्रदूषणजन्य रोग्यांच्या भरपाईसाठी उद्योगांवर आकार बसविला.

मर्यादा : या यशास मर्यादाही पडल्या. १९७० मध्ये वकिलांनी मांडलेली ‘पर्यावरणाचा हक्क’ ही संकल्पना न्यायालयांनी सामान्यतः स्वीकारली नाही. १९७८ मध्ये नायट्रोजन डाय-ऑक्साइडाची मर्यादा शिथिल करण्यात आली आणि १९८८ पासून हवेच्या प्रदूषणाच्या नव्या रुग्णांची नोंदणी थांबली. मिनामाताच्या असंख्य रुग्णांचे अर्ज कडक वैद्यकीय निकषांमुळे नाकारले गेले; शासनाची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली, ती २००४ मध्ये. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारास २०१३ मध्ये मिनामाताचेच नाव देण्यात आले. त्या वेळीही तेथील अनेक रहिवासी रुग्ण म्हणून मान्यता मिळविण्यासाठी न्यायालयात झगडत होते.