उकिरड्याची ऊब

नगर जिल्ह्यातली थंडी दुपारी दिसत नाही. डिसेंबरात दुपारी पारा २८ अंशांवर असतो, माणसं बनियनवर कांदा खुरपत असतात. पहाटे तोच पारा आठ-नऊवर उतरतो. माणूस गोधडी ओढून घेतो, वाफ्यातल्या बियाला ती सोय नाही. मिरची, टोमॅटो, वांगी, काकडी, कलिंगड या सगळ्यांना नीट उगवायला साधारण २५ ते ३० अंश लागतात. दहा-बाराच्या खाली बी नुसतं पडून राहतं आणि फार दिवस पडून राहिलं तर कुजतं. उन्हाळी भाजीला भाव चांगला, पण तिची रोपं नेमकी याच गारठ्यात तयार करावी लागतात.

आणि त्याच पहाटे गोठ्यामागचा उकिरडा उकरला, तर आतून वाफा निघतात. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे गेल्या हिवाळ्यात गावी आमच्या ढिगात एक सेन्सर खुपसून ठेवला. बाहेर ११ अंश, दोन फूट आत ५४. पाच पावलांवर बी गारठलेलं आणि इकडे ही ऊब हवेत चाललेली. दोघांची गाठ आजवर कुणीच कशी घातली नाही, या प्रश्नाच्या मागे लागलो आणि थेट रोमपर्यंत जाऊन परत नगर तालुक्यात आलो.

ही उष्णता येते कुठून? शेण आणि काडीकचरा ओलसर अवस्थेत रचला की जिवाणू तो खायला लागतात. खाताना आपल्याला जसा घाम येतो तशी तिथेही उष्णता सुटते. ढीग मोठा असेल तर ती आतच कोंडते आणि तापमान ६०-६५ अंशांपर्यंत चढतं. हवा, ओल आणि खाद्य यांपैकी एक जरी कमी पडलं की ढीग निवतो.

रोमन लोकांना हे ठाऊक होतं. सम्राट टायबेरियसला काकडी इतकी आवडायची, की त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. ते उन्हात ढकलायचे आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पत्र्यांखाली झाकायचे, असं प्लिनीनं नोंदवलंय. शेतीवर लिहिणारा कोलुमेला शेणखत भरलेल्या टोपल्यांत लवकरची काकडी लावायला सांगतो. पण या कल्पनेचा खरा धंदा झाला तो १९व्या शतकातल्या पॅरिसमध्ये. शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर, त्यामुळे तबेल्यांतून रोज गाड्याच्या गाड्या लीद आणि पेंढा निघे. भाजीवाले तो माल दोन-दोन फूट जाडीचा रचत, पहिली तीव्र उष्णता ओसरू देत, वर मातीचा थर घालत आणि त्यावर काचेच्या चौकटी नाहीतर घंटेच्या आकाराची काचेची झाकणं ठेवत. भर बर्फात सलाड आणि मुळे, पुढे खरबुजं! मोरो आणि दाव्हेर्न या दोन बागाईतदारांनी १८४५ साली या शेतीची हस्तपुस्तिकाच लिहिली. १८९९च्या पुस्तकात क्रोपोत्किन सांगतो, की जागा सोडताना ठरावीक खोलीपर्यंतची माती भाजीवाल्यानं सोबत न्यावी, असं कलम तिथल्या भाडेकरारांत असे. जमीन मालकाची, पण कुजलेल्या लिदीपासून बनलेली माती भाजीवाल्याची.

मग मोटार आली. घोडा गेला, लीद गेली आणि ऊबदार वाफेही गेले. तंत्र कुणी विसरलं नव्हतं, कच्चा माल संपला होता.

हाच कच्च्या मालाचा प्रश्न आपल्याकडे आधीपासून होता. १९२४ साली इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रातले सहायक यशवंत वाड यांनी खतावर काम केलं आणि १९३१ साली दोघांच्या नावानं त्यावरचं पुस्तक निघालं. पुढे जगानं हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचा जनक केलं. मुखपृष्ठावरचे वाड मात्र आपल्याकडेही फारसे कुणाला आठवत नाहीत. त्यांच्यापुढची अडचण पॅरिसच्या उलटी होती: शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात. म्हणून त्यांची ‘इंदूर पद्धत’ थोडं शेण आणि भरपूर काडीकचरा यांवर बेतलेली आहे. कपाशीच्या कडक पऱ्हाट्या ते रस्त्यावर अंथरत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं त्या चेचून देत. खड्ड्यातला माल तीनदा पालटायचा आणि तीन महिन्यांत खत. उष्णता त्यांनाही हवी होती, पण वर बी रुजवायला नव्हे. तणाचं बी आणि माश्यांच्या अळ्या मराव्यात आणि कचरा लवकर मुरावा म्हणून.

पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी काटकसरीची ही वाट आणखी पुढे नेली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ओळखलं जाणारं ‘नाडेप’ टाकं म्हणजे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भोकं ठेवून बांधलेली विटांची पेटी. तिच्यात जवळपास दीड टन काडीकचरा आणि त्याहून थोडी जास्त माती जाते. शेण लागतं फक्त ९० ते १०० किलो.

आता हिवरे बाजार. १९७२च्या दुष्काळानंतर उजाड होत गेलेलं, माणसं कामासाठी बाहेर पडत गेलेलं हे गाव १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यावर सावरलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. समतल चर, बंधारे, शेतीसाठी बोअरला मनाई, ऊस-केळीला नकार, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद. भाजी आणि कांद्याला गावात पाणी आहे ते या हिशेबामुळे. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र चराईबंदीत होतं. डोंगरावर जनावरं सोडायची नाहीत, गवत विळ्यानं कापून आणायचं. २००० साली सुमारे १०० टन निघणारं गवत २००४मध्ये ६,००० टनांवर गेल्याची नोंद आहे. नव्वदच्या दशकात दिवसाला १५० लिटरच्या आसपास असलेलं दूध पुढे काही हजार लिटरवर गेलं.

दुधाचा आकडा सगळे सांगतात, शेणाचा कुणी सांगत नाही. चरायला गेलेल्या गुराचं शेण माळावर विखुरतं, उन्हात वाळतं, पावसात वाहतं. वैरण गोठ्यात आली की शेण, मूत आणि उष्टा कडबा एका जागी जमतो. तसं जमल्याशिवाय ढीग होत नाही आणि ढीग झाल्याशिवाय तो तापत नाही. पॅरिसच्या तबेल्यानं जे केलं तेच इथे कुऱ्हाडबंदी-चराईबंदीनं केलं. उकिरड्याची ऊब म्हणजे अखेर डोंगरावरच्या गवतानं साठवलेलं ऊन आहे.

मग वाफे का तापवले नाहीत? एक तर आपली थंडी रात्रीपुरती आणि काही आठवड्यांची. दुसरं, ढीग ओला ठेवायला पाणी लागतं. आणि तिसरं, शेतकऱ्यानं ही गाठ घातलेली आहेच, फक्त ती छोटी आहे. कलिंगड-काकडीचं बी थंडीत लावायचं असेल तर ते भिजवतात, फडक्यात बांधतात आणि मटकीला मोड आणावेत तसं कडब्यात, गोणपाटाखाली किंवा शेणखताच्या कडेला उबेत ठेवतात. मोड दिसला की शेतात. पॅरिसनं हंगामभर अख्खा वाफा तापवला, आपण दोन दिवस एक पुरचुंडी तापवतो. हे अडाणीपण नाही. जिथे ऊब सर्वांत जास्त उपयोगी पडते तिथेच ती वापरणं आहे.

तरी मधली वाट आहे. दहा बाय चार फुटांचा, दोन फूट जाडीचा थर म्हणजे भुस्कटासह साधारण दीड टन माल. त्यातलं निम्मं शेण धरलं आणि गाय दिवसाला दहा किलो देते असं मानलं, तर एका गाईचे अडीच महिने. त्यावर रोपांचे चोवीस-पंचवीस ट्रे मावतात, म्हणजे पाव एकर मिरचीची रोपं. रात्री वरून प्लास्टिक. रोपं निघाली की तोच थर खत म्हणून शेतात जातो, वाया काही जात नाही.

हे चुलत्यांना दाखवलं. त्यांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, “शेण कुठंय?” आमच्याकडे आता दोनच गाई आहेत. चारा विकत आणून परवडत नाही म्हणून त्यातली एक काढायचं घरात चाललंय. आमच्या गावात चराईबंदी नाही. डोंगर आहे, त्यावर गवत नाही.

गाय ठेवायची की नाही, याचा हिशेब माझ्या लॅपटॉपवर आहे. आजवर त्यात दुधाचे पैसे आणि चाऱ्याचा खर्च अशा दोनच ओळी होत्या. आता शेणाची तिसरी ओळ घातली आहे: इतकं खत, इतकी रोपं, इतकी विकतची रोपं वाचली. बेरीज अजून थोडी तोट्यातच येते, पण पूर्वीइतकी नाही. बैठक संक्रांतीनंतर आहे.