कीटण खरवडणारी माणसं

दवाखान्यात जाऊन दात साफ करून घेतले की ते सैल होतात, हे वाक्य आपण सगळ्यांनीच घरात कधी ना कधी ऐकलेलं आहे. आज तिथूनच सुरुवात करू.

दातांवर जमणारा कडक थर म्हणजे कीटण. सुश्रुतसंहितेत त्याला दंतशर्करा म्हटलं आहे. दाताच्या मुळाला इजा न करता ती काढावी आणि मग मधात कालवलेलं लाखेचं चूर्ण चोळावं, असं तिथे सांगितलंय. दहाव्या शतकात कोर्दोबाच्या अबुल कासिम अल-झहरावीने तर कीटण खरवडायच्या १४ हत्यारांची चित्रंच दिली. आतल्या बाजूला एक, बाहेरून दुसरं, फटीसाठी तिसरं. एका दिवसात निघालं नाही तर पुन्हा बसा, असंही तो बजावतो.

आता अमेरिकेत येऊ. ११ डिसेंबर १८४४, हार्टफर्ड शहर. हॉरेस वेल्स हा दंतवैद्य स्वतः नायट्रस ऑक्साइड हुंगून खुर्चीत बसला, आणि त्याची दाढ काढली जॉन रिग्जने. न दुखता दात उपटण्याच्या इतिहासात ज्याचं नाव असं कायमचं बसलं, तोच माणूस पुढे दात वाचवण्यासाठी भांडत राहिला! हिरडीतून पू येऊ लागला की हिरडी कापायची, नाहीतर दातच काढायचा, हा तेव्हाचा रिवाज. रिग्जचं म्हणणं, हिरडीचा काय दोष? तिच्याखाली मुळावर बसलेलं कीटण काढा, ती आपणहून भरून येईल. १८७६ साली त्याने हे छापून मांडलं. तिकडे पायरियाला लोक 'रिग्जचा रोग' म्हणू लागले.

तरी उपटणारे थांबले नाहीत. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियलच्या भाषणात तोंडातल्या पुवावर अंगभरच्या दुखण्यांचं खापर फोडलं, आणि नंतरची कित्येक वर्षं चांगले दातही निघत राहिले.

कारण नक्की काय, हे दिसायला १९६५ उजाडलं. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या.

आणि ते सैल होणं? हाड आधीच झिजलेलं असतं, दात धरून ठेवलेला असतो तो कीटणानं. ते निघालं की हलणं जाणवतं, आणि आळ येतो खरवडणाऱ्यावर.