नव्या आरमारी सत्तेला मार्क कसे द्यायचे?

आज जरा समुद्रावर जाऊ. मी राहतो बेंगळुरूच्या हेब्बाळमध्ये, इथून कुठल्याही बाजूला निघालं तरी किनारा तीनशे किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे पाणी म्हणजे हेब्बाळचं तळं. तरीही हा विषय घरातूनच आला.

माझा नातू ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळतो. इतिहासातली एखादी सत्ता निवडायची, शेती-बाजार-फौज उभी करायची आणि समोरच्याला हरवायचं, असा हा खेळ. एप्रिल २०२२ मध्ये त्यात ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही भर पडली आणि बंगाली, गुर्जर व द्रविड अशा तीन नव्या सत्ता आल्या. द्रविडांना खेळात आरमारी सत्ता म्हटलंय. त्यांच्याकडे ‘थिरिसडई’ नावाचं मोठं लढाऊ जहाज आहे आणि राजेंद्र चोळाची स्वतंत्र मोहीमही आहे. घोडदळ मात्र कच्चं. नवी सत्ता जाहीर झाली की ही पोरं तासाभरात निकाल लावतात. द्रविडांचा निकाल असा: पाण्यावर पहिला नंबर, जमिनीवर नापास. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही किती मार्क द्याल?”

मी त्याला विचारलं, या जहाजांचे पैसे कोण देतं? खेळात लाकूड तोडलं की जहाज तयार. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटत नाही. तोफ दिसते, तिच्यामागची रसद दिसत नाही, आणि लढाईचा निकाल बहुतेक वेळा त्या न दिसणाऱ्या भागात लागतो.

राजेंद्र चोळाचंच घ्या. १०२५ च्या सुमारास त्याचं आरमार बंगालचा उपसागर ओलांडून श्रीविजयावर, म्हणजे सुमात्रा आणि मलाया द्वीपकल्पावर चालून गेलं. नागपट्टणम ते कडारम, म्हणजे आजचं केडा, हे अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. जिंकलेल्या बंदरांची यादी तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेली आहे. (त्याच देवळात १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तंजावरला गेलात तर तो पाहिल्याशिवाय परतू नका.) आता एवढ्या लांबची वाट, वाऱ्याचे महिने, कुठल्या बंदरात गोडं पाणी मिळतं, हे चोळांच्या सेनापतीला सांगितलं कुणी? माझं उत्तर आहे, व्यापाऱ्यांनी. ती माणसं पिढ्यानपिढ्या तिकडे जात होती. श्रीविजयाच्या राजाच्या नावाने नागपट्टणमला बौद्ध विहार उभा होता आणि राजेंद्राच्या बापाने, राजराजाने, त्याला गाव इनाम दिलं होतं. म्हणजे आधी ओळख, मग लढाई.

या व्यापाऱ्यांचा सर्वांत मोठा संघ ‘पाचशे’ या नावाने ओळखला जाई. त्याचं मूळ ठाणं कुठे, तर ऐहोळे! बागलकोट जिल्ह्यात, समुद्रापासून चांगलं आत. याच ‘पाचशें’चा १०८८ चा तमिळ शिलालेख सुमात्राच्या बारूसजवळ सापडला आहे. मोहीम संपल्यावर राजाची जहाजं परतली, पण साठेक वर्षांनंतरही व्यापारी तिथे होतेच. खेळात मला या ऐहोळ्याला मार्क द्यायचे असतील तर जागाच नाही.

आणि ते कच्चं घोडदळ? यात खेळ बनवणारे अर्धे बरोबर आहेत. दक्षिणेत चांगला घोडा पैदा होत नसे. पण म्हणूनच तो अरबस्तानातून जहाजाने येई! ज्याच्या हातात बंदर, त्याच्या हातात घोडा. आरमारी सत्तेचं घोडदळ दुबळं ठेवणं म्हणजे विहिरीच्या मालकाला तहानलेला दाखवणं. शिवाय समुद्रावर जायच्या दोन-तीन वर्षं आधी याच राजेंद्राची फौज पायी गंगेपर्यंत जाऊन आली होती.

“मग मराठे?” नातवाचा पुढचा प्रश्न. या खेळात मराठे नाहीत, त्याचा काळच आपल्या आधी संपतो. पण उद्या कुणी घेतलेच, तर चोळांचाच साचा त्यांना लावू नये. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून पंच्याऐंशी गलबतं आणि तीन मोठी जहाजं घेऊन निघाले आणि त्यांनी इथल्या कर्नाटकातलं बसरूर लुटलं. तेवढी मोहीम सोडली, तर आपलं आरमार किनारा धरून लढणारं. १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रजांची जहाजं आकाराने मोठी, तोफा भारी. आपल्या होड्या लहान, उथळ पाण्यात वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की इंग्रजांचं जहाज जागच्या जागी, आणि आपली होडी रात्रीतून बेटावर रसद टाकून परत. ‘डव्ह’ नावाचं त्यांचं जहाजही मराठ्यांनी धरलं. खुल्या समुद्रात याच होड्यांना मी दहात तीन दिले असते. किल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यात नऊ.

नातवाने हे वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “यांचा कच्चा दुवा काय लिहू?” प्रत्येक सत्तेला एक उणीव द्यावी लागते, नाहीतर डाव बरोबरीचा होत नाही.

मी त्याला फेब्रुवारी १७५६ सांगितला. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरं. त्याला वठणीवर आणायला पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. वॉटसनची जहाजं विजयदुर्गाच्या खाडीत शिरली आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. कान्होजींच्या हयातीत इंग्रजांना जे जमलं नव्हतं, ते आपल्याच सरकारच्या संमतीने झालं. पुण्याला भांडण दिसलं, त्यामागचा किनारा दिसला नाही, असं माझं मत आहे. नानासाहेबांची बाजू घेणारे अभ्यासक आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

नातू बराच वेळ पेन्सिल चावत बसला. खेळाच्या नियमांत हे बसेना. मग म्हणाला, “आजोबा, स्वतःची जहाजं स्वतःच जाळायचं बटण कुठल्याच सत्तेला नसतं.”

विजयदुर्गाच्या त्या दोन दिवसांबद्दल पुढच्या भागात, नकाशा घेऊन बोलू.