तान्ह्या बाळाची दिवसाची झोप

तान्ह्या बाळाची दिवसाची झोप म्हणजे जन्मापासून साधारण एक वर्षापर्यंतच्या बाळाने रात्रीखेरीज दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी घेतलेली झोप होय. बाळाची वाढ, दूध पिणे आणि आईची विश्रांती यांच्याशी तिचा निकटचा संबंध असतो. महाराष्ट्रात बाळाला दिवसा झोपवण्यासाठी पाळणा, झोळी, मांडी, थोपटणे आणि अंगाई ही साधने परंपरेने वापरली जातात. घराबाहेर मोलमजुरी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा विषय केवळ घरगुती राहत नाही. बाळ कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली झोपते, हा प्रश्न कामगार कायदे आणि सार्वजनिक आरोग्य यांच्याशी जोडला गेला आहे.

झोपेचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला चोवीस तासांत १४ ते १७ तास, तर ४ ते ११ महिन्यांच्या वयात १२ ते १६ तास झोप आवश्यक असते. यात दिवसाची झोपही धरली जाते. नवजात बाळाला दिवस आणि रात्र यांतील भेद कळत नाही. शरीरातील दिनरात्रीचे चक्र साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून आकार घेऊ लागते. दिवसा घरात उजेड व नेहमीचे आवाज आणि रात्री अंधार व शांतता असल्यास हे चक्र बसण्यास मदत होते.

नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चंचल स्वरूपाची असते. या अवस्थेत डोळ्यांची बुबुळे पापण्यांखाली हलतात, ओठ हसल्यासारखे होतात आणि हातपाय झटकले जातात. बाळ जागे झाले असे समजून त्याला लगेच उचलले, तर चालू असलेली झोप मोडते. बाळाचे एक निद्राचक्र प्रौढांच्या चक्राहून लहान, सुमारे ५० मिनिटांचे असते. त्यामुळे पाऊण तासात बाळ चाळवणे हे स्वाभाविक आहे.

दिवसातील झोपांची संख्या वयानुसार घटते. पहिल्या महिन्यांत बाळ प्रत्येक दूध पिण्यानंतर थोडे जागून पुन्हा झोपते. सहा महिन्यांच्या सुमारास दिवसा दोन ते तीन झोपा उरतात आणि दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुले दुपारी एकदाच झोपतात.

झोप आल्याच्या खुणा

जांभई देणे, नजर एका जागी स्थिरावणे, डोळे किंवा कान चोळणे, मान फिरवून प्रकाश टाळणे आणि किरकिर करणे या झोप आल्याच्या खुणा होत. रडणे ही त्यांतील उशिराची खूण आहे. फार वेळ जागे राहिलेले बाळ अधिक थकते. पण थकल्यामुळे लवकर न झोपता उलट अधिक रडते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडण्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते व पुढे ते कमी होत जाते. अशा रडण्याला महाराष्ट्रात दृष्ट लागणे समजून मीठ-मोहरीने दृष्ट काढण्याची चाल आहे. तथापि भूक, ओला लंगोट, पोटातील वात, उकाडा आणि ताप ही कारणे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.

पारंपरिक पद्धती

बारशाच्या दिवशी बाळाला विधिपूर्वक पाळण्यात घालतात व त्या वेळी पाळणागीते म्हटली जातात. पाळण्यावर चिमणाळे टांगण्याची आणि रिकामा पाळणा हलवू नये असे मानण्याची रीत आजही आढळते. पाळणा नसलेल्या घरांत जुन्या लुगड्याची किंवा धोतराची झोळी आढ्याला बांधली जाते. अनेकदा घुसळलेल्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाला यासाठी पसंती असते.

सकाळी तेलाने मालीश, त्यानंतर पाय पसरून बसलेल्या स्त्रीच्या पायांवर आंघोळ, मग दुपट्यात गुंडाळून दूध आणि नंतर झोप असा क्रम रूढ आहे. रोज त्याच क्रमाने गोष्टी घडल्यामुळे पुढे झोप येणार याची बाळाला सवय होते, हे या परंपरेचे बलस्थान आहे. पसरलेल्या पायांवर बाळाला आडवे घेऊन हलके झुलवणे, पाठीवर किंवा कुल्ल्यावर एका लयीत थोपटणे आणि संथ स्वरात अंगाई गाणे याही सर्वत्र दिसणाऱ्या पद्धती आहेत.

या प्रथांपैकी काही मात्र अपायकारक ठरू शकतात. आंघोळीनंतर बंद खोलीत दिलेली धुरी बाळाच्या श्वसनमार्गाला त्रासदायक असते. घुटीत जायफळ उगाळून दिल्यास बाळ शांत झोपते असा समज आहे. परंतु जायफळ अधिक मात्रेत विषारी असते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीदेखील देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

झुलवण्यामागील कारण

कडेवर घेऊन चालू लागताच बाळ शांत होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जपानमधील रिकेन या संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखवले की, आई बाळाला घेऊन चालत असताना त्याची हालचाल व रडणे थांबते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. याच गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रडणाऱ्या बाळाला सुमारे पाच मिनिटे चालत फिरवावे आणि ते झोपल्यावर पाच ते आठ मिनिटे तसेच कुशीत घेऊन बसावे, मगच खाली ठेवावे, असे सुचवले आहे. अंगापासून दूर होण्याच्या क्षणी बाळाची झोप चाळवते. झोप गाढ होईपर्यंत थांबल्यास ती टिकण्याची शक्यता वाढते.

कष्टकरी स्त्रिया आणि बाळाची झोप

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. पूर्णा खोऱ्यातील कालव्यांच्या सिंचनामुळे या भागात ऊस व हळद ही पिके घेतली जातात. निंदणी, खुरपणी, हळदीची काढणी यांसारखी कामे मुख्यतः स्त्रिया करतात. मराठवाड्यात शेतावर आलेल्या तान्ह्या बाळासाठी बांधावरच्या झाडाच्या फांदीला झोळी बांधली जाते आणि राखणीला बहुधा थोरली बहीण किंवा आजी असते. थोरल्या बहिणीवर हे काम पडल्यास तिची शाळा बुडते. ऊसतोडणीसाठी हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची बाळे फडाजवळ किंवा कोपीत झोपतात. उन्हाळ्यात मराठवाड्यातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने सावली सरकताच झोळीची जागा बदलणे आणि बाळाला वरचेवर अंगावर पाजणे आवश्यक असते.

राखणीला कोणी नसण्याचे दुष्परिणाम मुंबईच्या गिरण्यांत प्रकर्षाने दिसले. कामावर जाताना बाळ झोपून राहावे म्हणून अनेक माता त्याला अफूची गोळी देत. ही गोळी बाळागोळी या नावाने ओळखली जाई. मुंबई सरकारने स्त्री कामगारांच्या स्थितीच्या पाहणीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ च्या सुमारास गिरणी कामगार स्त्रियांमध्ये ही प्रथा सर्रास असल्याचे नोंदवले. अफूने भूक मंदावते, श्वास मंद होतो आणि बाळ दगावू शकते. या प्रथेमागे मातेची बेपर्वाई नसून बाळासाठी जागा व राखण यांचा अभाव होता.

पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. ही संख्या प्रारंभी ५० होती; नंतर ती ३० करण्यात आली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांच्या सांभाळासाठी एका स्त्री मजुराची नेमणूक करण्याची तरतूद करण्यात आली. २०२२ पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्ती अंतर्गत 'पालना' ही पाळणाघरांची योजना राबवली जाते. तिचा लाभ सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. खाजगी शेतावर रोजंदारी करणारी स्त्री मात्र कारखान्यांसाठीच्या अशा तरतुदींच्या कक्षेबाहेर राहते.

सुरक्षितता

बाळाला दिवसा व रात्री दोन्ही वेळी उताणे, सपाट व घट्ट पृष्ठभागावर झोपवावे, ही बालरोगतज्ज्ञांची सर्वमान्य शिफारस आहे. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये याविषयी मोहिमा सुरू झाल्यानंतर झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले. उशी, जाड गोधडी व मऊ खेळणी बाळाजवळ ठेवू नयेत आणि घरात झोपवताना डोक्यावर कुंची वा टोपडे ठेवू नये. दुपट्यात गुंडाळताना पाय मोकळे हलतील इतकी जागा ठेवावी. बाळ कुशीवर वळू लागल्यावर गुंडाळणे बंद करावे.

खोल झोळीत लहान बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. म्हणून झोळी शक्य तितकी पसरट व जमिनीपासून कमी उंचीवर बांधणे, गाठ रोज तपासणे आणि बाळ दृष्टीआड न ठेवणे महत्त्वाचे आहे. झोळीवर जाड कापड टाकल्यास आत उष्णता कोंडते; माश्या-डासांपासून बचावासाठी विरळ जाळी योग्य ठरते. मोठ्या मुलांनी झोळीला पीळ देऊन खेळताना गळ्याला फास बसल्याच्या घटना भारतात नोंदल्या गेल्या आहेत. बाळ झोपत नाही म्हणून त्याला रागाने गदागदा हलवणे मेंदूला इजा करणारे असते.

अति झोप

बाळ शांतपणे फार वेळ झोपते ही बाब नेहमीच समाधानाची नसते. नवजात बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध लागते. ते उठवूनही उठत नसेल, दूध ओढत नसेल, अंग थंड किंवा तापलेले असेल, अंग पिवळे दिसत असेल अथवा श्वास जलद चालत असेल, तर ही जंतुसंसर्गाची किंवा तीव्र काविळीची लक्षणे असू शकतात आणि तातडीने वैद्यकीय उपचारांची गरज असते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर देशभर आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरावीक दिवशी घरी भेट देऊन बाळाची तपासणी करते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी अशा सहा, तर घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी निश्चित केलेल्या आहेत.